पाणी एकरी की माणशी?

विहीर ज्याच्या रानात, पाणी त्याचं. खेड्यात हा न्याय कुणाला शिकवावा लागत नाही. ज्यानं विहीर खणली, मोटार बसवली, विजेचं बिल भरलं, त्यानं ऊस लावला तर शेजाऱ्यानं का कुरकुरावं? पण श्रोतेहो, त्या विहिरीत उतरणारं पाणी आजूबाजूच्या माळावर, दहाजणांच्या रानात पडलेल्या पावसाचं असतं. त्यात विहीरवाल्याची कमाई नेमकी किती?

१९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात, नायगावला, देवस्थानची ४० एकर माळजमीन खंडानं घेतली आणि पाणी अडवलं. त्यातून पुढं पाणी पंचायत आणि तिच्या उपसा योजना उभ्या राहिल्या. तिथला नियम असा: माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. वीस एकरांचा धनी असो की तीन एकरांचा शेतकरी, घरात पाच माणसं असतील तर पाणी सारखंच. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. ऊस मात्र कुणीच लावायचा नाही.

बडा शेतकरी हे का मानेल? कोरडवाहू वीस एकरांपेक्षा हमखास भिजणारे अडीच एकर बरे, हा हिशेब दुष्काळी भागात कुणालाही कळतो.

ही निव्वळ गरजेची वाटणी, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा लाभधारकांनीच घालायचा होता. किती मिळणार ते घरातली तोंडं ठरवत; मिळणार की नाही, ते तुम्ही पदरचं घालता का यावर ठरे. खरी ओढाताण भूमिहीनाची. त्यानं वर्गणीचे पैसे कुठून आणायचे? आणले, पाणीही मिळालं, तरी ते सोडायला रान हवं. म्हणजे पुन्हा कुणाची तरी जमीन वाट्यानं करणं आलंच.

सरकारी कालव्यांचा हिशेब आजही जमिनीचाच आहे. राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात लाभक्षेत्रातल्या जमिनीवर पाण्याचा कोटा ठरतो. टंचाईत मात्र शक्यतो प्रत्येक जमीनधारकाला किमान एक एकर भिजेल एवढं पाणी द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे पाऊस दगा देतो तेव्हा कायदाही गरजेकडे थोडा सरकतो. पण जमीनधारकापर्यंतच. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो त्या एका एकरातही नाही.