सोसायटीची वार्षिक सभा : रीतीने चालवा, हक्काने बोला



खरीप ऐन भरात असतो, त्याच दिवसांत गावोगावच्या विकास सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपल्यावर ३० सप्टेंबरपर्यंत ही सभा घेतली पाहिजे, असा कायदा आहे. पण बऱ्याच ठिकाणी काय होतं? सभासद येतात, सही करतात, चहा घेतात. दोघे-चौघे "मंजूर, मंजूर" म्हणतात आणि सभा आटोपते. मग वर्षभर पारावर कुरकुर! लक्षात ठेवा, सभेत झालेला ठराव गप्प बसलेल्यालाही लागू होतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे एका सभासदाला एकच मत असते. पन्नास एकरवाल्याला एक, दोन एकरवाल्यालाही एकच. ते मत स्वतः हजर राहूनच द्यायचे असते. म्हणून सभेला जाणे हे पेरणीइतकेच महत्त्वाचे काम समजा.

सभेपूर्वी. नोटिशीबरोबर विषयपत्रिका येते. ती नीट वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. सोसायटीचे पोटनियम, मागचा ताळेबंद आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते कार्यालयाच्या वेळेत फुकट पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. गटसचिवांना तसे सांगा. विचारायचा प्रश्न कागदावर लिहून न्या, म्हणजे ऐनवेळी गोंधळ होत नाही.

सभा सुरू होताना. पोटनियमांत सांगितलेली गणपूर्ती झाली का, म्हणजे पुरेसे सभासद हजर आहेत का, हे आधी पाहावे. मग मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करावे. मागच्या वर्षी ठरले एक आणि लिहिले भलतेच, असे दिसले तर दुरुस्ती सुचवायची हीच वेळ.

चर्चा कशी करावी. एका वेळी एकच विषय. बोलणाऱ्याने उभे राहून अध्यक्षांना उद्देशून बोलावे, एकमेकांशी हुज्जत घालू नये. एकदा बोललेल्याने दुसऱ्यांदा बोलण्याआधी इतरांना संधी द्यावी. माणसावर नको, मुद्द्यावर बोला. भाऊबंदकीचं भांडण बांधावरच राहू द्या. अध्यक्षांनीही विरोधात बोलणाऱ्याला तितकाच वेळ द्यावा.

ठराव कसा करावा. एकाने सुचवावा, दुसऱ्याने अनुमोदन द्यावे. समजा, गोदाम भाड्याने देण्याचा ठराव आला. तुमचे म्हणणे असे, की जून ते ऑगस्ट खताचा हंगाम, तेवढे महिने ते सोसायटीकडेच राहावे. ही झाली उपसूचना. आधी उपसूचनेवर मत घ्यावे, मग मूळ ठरावावर. हात वर करायला सांगून बाजूचे व विरोधातले हात मोजावेत. नुसत्या आवाजावर निकाल देऊ नये, कारण ज्याचा घसा मोठा त्याचे मत मोठे नसते. मते समसमान पडली तर अध्यक्षांना निर्णायक मत असते.

हे जरूर विचारा. व्यवस्थापक समितीचे सदस्य व त्यांच्या कुटुंबीयांनी घेतलेले कर्ज, केलेली परतफेड आणि राहिलेली थकबाकी यांचा तपशील वार्षिक सभेपुढे ठेवणे समितीवर बंधनकारक आहे. तो वाचून दाखवायला सांगा. यात कोणाचा अपमान नाही. आपली थकबाकी जशी वहीत दिसते, तशीच त्यांचीही दिसावी, एवढेच. लेखापरीक्षकांनी काढलेले दोष कितपत दुरुस्त झाले, तेही विचारा. नफा असेल तर निदान चौथा हिस्सा राखीव निधीत जायला हवा आणि लाभांश १५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही.

उठण्यापूर्वी. प्रत्येक ठराव, सूचक, अनुमोदक आणि दोन्ही बाजूंची मते प्रोसिडिंग बुकात तिथल्या तिथे टिपली जावीत. तुमचा विरोध असेल तर तो नोंदवायला सांगा. तोंडी विरोध वाऱ्यावर जातो, लिहिलेला कामी येतो.

सोसायटीत आपले भागभांडवल आहे, पीककर्ज तिथूनच मिळते. पाण्याची पाळी आपण जशी चुकवत नाही, तशी ही सभाही चुकवू नका. घरात ज्या भगिनी सभासद असतील त्यांनाही बरोबर न्या. त्यांचे मत त्यांनीच द्यायचे आहे.