बातमी आणणाऱ्या माणसाच्या पाठीशी



1908 च्या ऑगस्टमध्ये नागपुरात माधवराव सप्रे नावाच्या संपादकाला अटक झाली. घरात मराठी बोलणाऱ्या या माणसाने आयुष्य हिंदी पत्रकारितेला दिलं. 1900 साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' काढलं आणि 1907 मध्ये नागपुरातून 'हिंदी केसरी' सुरू करून लोकमान्यांचं म्हणणं हिंदी मुलखात पोचवलं. आपला गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा मध्य प्रांतात. म्हणजे ही आपल्याच मुलखातली गोष्ट आहे. त्याआधी महिनाभर मुंबईत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. नागपूरच्या 'देशसेवक'चे अच्युत बळवंत कोल्हटकरही त्याच वर्षी राजद्रोहाच्या कलमाखाली सापडले.

टिळक वाकले नाहीत, हे प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक आहे. सप्र्यांचं पुढे काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही. ते कोठडीत असताना घरचे हादरून गेले. थोरल्या भावाने एवढं दडपण आणलं की शेवटी सप्र्यांनी माफीनाम्यावर सही केली आणि ते सुटले. पण ती सही त्यांना सोसली नाही. वर्ध्याच्या हनुमानगढीवर जाऊन ते राहिले, भिक्षा मागून जगले. रामदासांचा 'दासबोध' आणि पुढे टिळकांचं 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत आणलं. ज्यांच्यासाठी तुरुंगात गेले, त्यांच्याच ग्रंथाचा अनुवाद करत त्यांनी ते शल्य सहन केलं, असं मला वाटतं.

सप्र्यांना नावं ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. सांगायचं ते सत्तेच्या रीतीबद्दल. माणूस पक्का निघाला तर सत्ता त्याचं घर गाठते. आई, बायको, भाऊ, पोरांची शाळा, बँकेचा हप्ता. सप्र्यांचे भाऊ घाबरले, तेव्हा त्यांच्या ओसरीवर चार शेजारी येऊन बसले असते, तर काय झालं असतं? मला हा प्रश्न सोडत नाही आणि आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापुढे मी तो ठेवतो आहे.

घरानंतर सत्ता खिशाला हात घालते. 1910 च्या प्रेस ॲक्टने छापखान्याकडून आणि वृत्तपत्राकडून जामीन मागायचा अधिकार सरकारला दिला. मजकूर आवडला नाही की जामीन जप्त. शि. म. परांजप्यांचं 'काळ' त्यांना शिक्षा होऊनही चालू राहिलं होतं, ते या कायद्यापुढे बंद पडलं. शंभरेक वर्षांनी हाँगकाँगमध्ये हेच घडलं. 'ॲपल डेली'चे मालक जिमी लाय आधीच कोठडीत होते, तरी पेपर निघत होता. मग कंपनीची खाती गोठवली. कामगारांचे पगार देता येईनात. 24 जून 2021 ला शेवटचा अंक निघाला, त्याच्या दहा लाख प्रती छापल्या आणि लोकांनी पहाटेपासून रांगा लावून त्या घेतल्या. दहा लाख माणसं पाठीशी असलेला पेपर पगार थकल्यामुळे बंद पडला, हे लक्षात असू द्या.

आपल्याकडच्या आणीबाणीत तर 25 जून 1975 च्या रात्री दिल्लीतल्या वृत्तपत्रांची वीजच तोडली होती. पुढे सेन्सॉर आला. मुंबईत मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकाचे लेख सेन्सॉरने अडवले, तेव्हा मसानी उच्च न्यायालयात गेले आणि 1976 मध्ये, आणीबाणी चालू असताना, जिंकले. सरकारवर टीका करणं म्हणजे देशाला धोका पोचवणं नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. त्याच काळात, डिसेंबर 1975 मध्ये, कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत उभ्या राहिल्या आणि जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी त्यांनी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली ती एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात वाचत बसलेल्या असताना. हातात लेखणीखेरीज काही नसलेल्या साठी ओलांडलेल्या बाईची सरकारला भीती वाटत होती.

हे सारं मोठ्या नावांचं झालं. मी आयुष्यभर वृत्तपत्रात जिल्हा पानाच्या टेबलावर काम केलं. माझी काळजी वेगळ्या माणसाबद्दल आहे.

6 फेब्रुवारी 2023. राजापूरच्या शशिकांत वारिशे यांची बातमी त्या दिवशी 'महानगरी टाइम्स'मध्ये छापून आली. बारसूच्या नियोजित रिफायनरीच्या बाजूने उभ्या असलेल्या, जमिनीचे व्यवहार करणाऱ्या एका माणसाबद्दल ती होती. बड्या नेत्यांसोबतचे त्याचे फोटो लावलेले फलक बातमीत होते. त्याच दुपारी पेट्रोल पंपाजवळ वारिशे यांच्या दुचाकीला त्याच माणसाच्या गाडीने धडक देऊन फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी वारिशे गेले. घरी म्हातारी आई आणि मुलगा. आधी हा अपघात म्हणूनच पुढे आला. राज्यभरचे पत्रकार रस्त्यावर उतरले, तेव्हा खुनाचं कलम लागलं.

आणि आपल्या राज्याच्या सीमेपलीकडे, गडचिरोलीला लागून असलेल्या बिजापूरमध्ये, मुकेश चंद्राकर. 'बस्तर जंक्शन' नावाचं यूट्यूब चॅनेल चालवणारा तरुण. 2021 मध्ये माओवाद्यांनी पकडलेल्या जवानाला जंगलातून सोडवून आणण्यात त्याचा हात होता. रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार त्याच्या बातमीने उघड झाला. 1 जानेवारी 2025 ला तो बेपत्ता झाला आणि दोन दिवसांनी ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टाकीत त्याचा मृतदेह मिळाला. टाकीवर नवं काँक्रीट टाकलेलं होतं. बंदूकधाऱ्यांच्या तळावरून परत आलेला हा पोरगा रस्त्याच्या बिलांपायी गेला.

हुकूमशाही म्हटलं की आपल्याला लष्कराचे रणगाडे दिसतात. ती तशीही येते. 2024 च्या डिसेंबरात जगभरात 361 पत्रकार तुरुंगात असल्याची नोंद पत्रकार संरक्षण समितीने केली, त्यात चीन, इस्रायल आणि म्यानमार सर्वांत पुढे होते. पण तालुक्याची हुकूमशाही ठेकेदार, रेतीघाटाचा लिलाव घेणारा, त्याचा पुढारी आणि त्याला नाही म्हणू न शकणारा अधिकारी, एवढ्या चौघांत भागते. दिल्लीत कोणाचंही सरकार असो, तिला फरक पडत नाही.

तुमच्यातले काही जण चोरखमाऱ्याचे आहेत. बाहेरच्या माणसाला चोरखमारा म्हणजे नागझिऱ्याचं एक गेट. जिप्सीत बसायचं, वाघ दिसला तर फोटो काढायचा, परत जायचं. गावाच्या बातम्या वेगळ्या आहेत. तलावाचा पाट उन्हाळी धानाला सुटणार का? शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचलं की वरच्यांनीच अडवलं? रानडुकरांनी लोळवलेल्या धानाचा पंचनामा झाला का? खरेदी केंद्रावर काटा सरळ लागला का, चुकारे खात्यात कधी पडले? तेंदूपत्त्याची मजुरी किती मिळाली? वैनगंगेच्या घाटावरून रात्री किती टिप्पर रेती गेली? यातली एकही बातमी मुंबईचं चॅनेल दाखवणार नाही. ती तिरोड्याचा वार्ताहर देईल, नाहीतर कुणीच देणार नाही.

हा वार्ताहर तुम्ही रोज बघता. सकाळी बसस्टँडवर पेपरचे गठ्ठे सोडतो, कारण एजन्सीही त्याचीच असते. दुपारी तहसील, पंचायत समिती, ठाणं. संध्याकाळी पानटपरीशी गाडी लावून मोबाइलवर बातमी टाइप करतो. फार थोड्यांना पगार असतो. बाकीचे जाहिरातीच्या कमिशनवर घर चालवतात. जाहिरात कोण देतं? वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दिवाळीची पुरवणी यांचे पैसे देणारा तोच, ज्याच्या घाटाची बातमी याने लिहायची असते. लिहिली तर जाहिरात जाते. तरी लिहिली तर खंडणीची तक्रार होते, नाहीतर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा. यांतले काही जण खरोखर पैसे उकळतात, हे मला माहीत आहे आणि त्यांच्याविषयी मला मुळीच सहानुभूती नाही. प्रामाणिक माणसावर तोच आळ घालणं त्यांनीच सोपं करून ठेवलं.

महाराष्ट्राने 2017 मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, असं करणारं हे पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, नुकसानभरपाई. चांगला कायदा आहे. पण त्याच्या व्याख्येत पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो नियमित किंवा कंत्राटी तत्त्वावर नेमलेला आहे असा माणूस. चार एकर शेती करणारा, किराणा दुकान चालवणारा, नियुक्तिपत्र नसलेला आमचा वार्ताहर यात बसवायचा कसा? ज्याला मार बसण्याची सर्वांत जास्त शक्यता, तोच कायद्याच्या दाराबाहेर. ही व्याख्या बदलली पाहिजे, असं मी या व्यासपीठावरून स्पष्ट सांगतो.

घटना समितीत काही सदस्यांनी वृत्तपत्र-स्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख हवा, असा आग्रह धरला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 मध्ये उत्तर दिलं, की नागरिकाला जो हक्क आहे तोच वृत्तपत्राला आहे, वेगळ्या कलमाची गरज नाही. 'मूकनायक' काढणाऱ्या माणसाचं हे उत्तर होतं. त्यांनी 1954 ची पोटनिवडणूक आपल्या भंडाऱ्यातून लढवली, तेव्हा इथल्या कितीतरी आजोबा-आजींनी त्यांना पाहिलं असेल. त्या उत्तराचा अर्थ मी असा घेतो: वार्ताहराची गाडी अडवली गेली, तर अडवला गेलेला हक्क तुमचा आहे.

म्हणून हे भाषण फक्त पत्रकार होणाऱ्यांसाठी नाही. तुमच्यातलं कुणी तहसीलला लागेल. माहिती अधिकाराचा अर्ज आला, तर तीस दिवस संपायची वाट बघू नका. कुणी पोलीस होईल. वार्ताहराविरुद्ध खंडणीची तक्रार आली, तर गुन्हा नोंदवण्याआधी त्या आठवड्यात त्याने काय छापलं ते वाचा. वकील होणाऱ्यांनी अशा एका तरी माणसाचं वकीलपत्र बिनपैशाने घ्या. ग्रामसेवक, शिक्षक, गेटवरचे गाइड, तुम्हाला सगळ्यांना बरंच काही दिसत असतं. वार्ताहराला सांगताना पुराव्यासकट सांगा आणि तुमच्यामुळे कुणाला धमकी आली, तर त्याच्या घरी जा. त्याच्या बायकोला, आईला दिसेल असं जा. रात्री फोन करून 'आम्ही आहोत' म्हणण्यापेक्षा दिवसाढवळ्या अंगणात बसलेली चार माणसं जास्त कामाची असतात, कारण ती समोरच्यालाही दिसतात. आणि प्रसंग डोळ्यांसमोर घडला असेल, तर साक्ष द्या. खटला वर्षानुवर्षं चालला तरी द्या.

जे या धंद्यात येतील त्यांना थोडं कामाचं सांगतो. कागदाची एक प्रत घरी ठेवा, दुसरी घराबाहेर विश्वासातल्या माणसाकडे. रात्री घाटावर जाताना कुठे चाललो आणि किती वाजता येणार, हे दोघांना सांगून जा. ज्याच्याविरुद्ध लिहिता त्याची बाजू विचारा आणि छापा, कोर्टात तीच तुम्हाला वाचवते. त्याची जाहिरात मात्र घेऊ नका. आणि पहिल्याच दिवशी संपादकाकडे नियुक्तिपत्र मागा, लेखी मागा, न लाजता मागा. ते देत नसतील तर तालुक्यातल्या सगळ्या वार्ताहरांनी मिळून मागा.