भिंतीचे बळ सांध्यात



गावात शाळाखोली किंवा समाजमंदिर बांधावयाचे ठरले, की चर्चा होते ती दगडाची, विटांची आणि छपराची. दोन विटांमधील सेंटिमीटरभर थराची, म्हणजे गवंडी ज्याला ‘माल’ म्हणतात त्याची, चौकशी सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः भिंत एकसंध राहते ती या मालामुळेच.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने ही गोष्ट फार मोठी किंमत घेऊन शिकविली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तेथील घरांच्या भिंती चांगल्या रुंद होत्या. परंतु दगड मातीत बसविलेले होते, भिंतीच्या दोन्ही बाजू जोडणारे आरपार दगड नव्हते आणि डोक्यावर माळवदाचा प्रचंड भार होता. हादऱ्यासरशी भिंती उकलल्या आणि माळवद निजलेल्या माणसांवर कोसळले. जाडी म्हणजे मजबुती नव्हे, हे त्या पहाटेने दाखवून दिले.

मग सिमेंट जितके अधिक तितके चांगले, असे समजावयाचे काय? तेही बरोबर नाही. सिमेंट फार झाल्यास माल वाळताना आकसतो व तडे जातात. माल विटेपेक्षा किंचित मऊ असावा. म्हणजे पुढे चीर पडलीच, तर ती सांध्यात पडते व दुरुस्त करता येते. चुन्याने मालाला चिकटपणा व लवचीकपणा येतो, हा त्याचा विशेष गुण होय.

साध्या एकमजली इमारतीच्या भिंतीस एक भाग सिमेंट व सहा भाग वाळू हे प्रमाण सामान्यतः पुरेसे असते. भूकंपाचा धोका अधिक असलेल्या भागात, विशेषतः शाळा व दवाखाने यांसाठी, एकास चार किंवा सिमेंट, चुना व वाळू यांचे १:१:६ हे प्रमाण घ्यावे. मात्र उत्तम मालही एकटा पुरा पडत नाही. आरपार दगड आणि भिंतींना बांधून ठेवणारे काँक्रीटचे पट्टे हवेतच. जुने वाडे व मंदिरे यांची डागडुजी चुन्यातच करावी. तेथे सिमेंट भरल्यास भिंतीतील ओल कोंडते व लगतचा दगड झिजू लागतो.

कागदावरील प्रमाण प्रत्यक्ष कामावर पाळले जाते काय, हे पाहण्यास अभियंताच हवा असे नाही. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याचे आकारमान सुमारे ३५ लिटर असते. ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद व २५ उंच अशी लाकडी पेटी करून घ्यावी. एकास सहा प्रमाणासाठी एका पोत्यास अशा सहा पेट्या वाळू. घमेल्यांचा अंदाज नको. वाळूत माती नसावी. विटा भिजवून घ्याव्यात. पाणी घातलेला सिमेंटचा माल दोन तासांच्या आत संपवावा; घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरू नये. बांधकामावर किमान सात दिवस पाणी मारावे. उन्हाळ्यात टंचाई असेल, तर या पाण्याची तरतूद काम सुरू होण्यापूर्वीच करावी.

भिंतीला गिलावा झाला, की आतला माल कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. म्हणून पाहणी करावयाची ती गिलाव्यापूर्वी. त्या भिंतीआड गावाची मुले वर्षानुवर्षे बसणार आहेत.