पत्ता उमगला की वाट सापडते

कारापूर, साखळी, डिचोलीतल्या ज्या मुलामुलींनी नेटवर्किंगची सीसीएनए परीक्षा द्यायचं ठरवलं आहे, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. २४ फेब्रुवारी २०२० पासून सिस्को कंपनीने या परीक्षेचं रूप बदललं. ‘राउटिंग अँड स्विचिंग’ हे नाव गेलं, पाया मात्र तोच राहिला. तो पाया पाठांतराने पक्का होत नाही, समजून घ्यावा लागतो. त्यासाठी आधी पिनकोडकडे पाहू.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. कारापूरच्या पत्रावरचे पहिले तीन आकडे ४०३. दिल्लीतल्या कर्मचाऱ्याला कारापूर ठाऊक नसलं तरी चालतं. ४०३ पाहून तो पत्र गोव्याकडे धाडतो. पुढचे आकडे गोव्यात कामी येतात. राउटरही पत्त्याचा सुरुवातीचा भागच पाहतो. त्याच्याकडे १०.१.०.०/१६ आणि १०.१.५.०/२४ अशा दोन नोंदी असल्या आणि पॅकेट १०.१.५.२० साठी आलं, तर तो दुसरी वाट धरतो, कारण तिथे पत्त्याचे अधिक बिट जुळतात. हे समजलं की सबनेटिंगची भीती जाते. /२६ म्हणजे ३२ पैकी २६ बिट नेटवर्कचे, उरले ६. म्हणून ६४ पत्ते, आणि त्यांतले ६२ यंत्रांना देता येतात.

स्विचचं काम वेगळं. फ्रेम कुणाकडून आली आणि कुठल्या पोर्टवर आली, एवढं तो टिपून ठेवतो. ज्याच्याकडे ती जायची तो पत्ता नोंदीत नसेल, तर आलेलं पोर्ट सोडून त्या व्हीलॅनच्या बाकी सगळ्या पोर्टांवर ती पाठवतो. आता दोन स्विच दोन केबलींनी जोडले तर? आयपी पॅकेटला आयुष्याची मर्यादा असते, इथरनेट फ्रेमला नसते. ती फिरतच राहते, वाढत जाते आणि सारं नेटवर्क ठप्प होतं. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री ही तोड काढली: जादा वाट बंद ठेवायची, मुख्य वाट तुटली की उघडायची.

मुलांनो, फुटलेल्या प्रश्नपत्रिकांच्या मागे लागू नका. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं. त्यात तीन राउटर आणि दोन स्विच मांडा. मग एक केबल काढा. पण पुढचं बटण दाबण्याआधी कागदावर लिहा, पॅकेट आता कुठून जाईल आणि का. मगच पडताळा. उत्तर चुकलं, तर त्या दिवशीचा अभ्यास तिथूनच सुरू करा. पॅकेटची वाट आधीच सांगता येऊ लागली की परीक्षेची तयारी झाली असं खुशाल समजा.