कंगवा आणि कुऱ्हाड

इंग्लंडमधील प्राथमिक शाळांतून वायकिंग लोकांचा पाठ सुरू होतो तो पुष्कळदा एका कोऱ्या कागदाने. ७-८ वर्षांच्या मुलांना शिक्षिका आधी काहीच सांगत नाहीत. मनात येईल तसे वायकिंगाचे चित्र काढा, एवढेच सुचवतात. थोड्या वेळाने कागद गोळा होतात, तेव्हा सगळी चित्रे एकाच हाताने काढली असावीत असे वाटते. डोक्यावर दोन शिंगांचे शिरस्त्राण, छातीवर रुळणारी दाढी, हातात कुऱ्हाड, आणि मागे लाटांवर डोलणारे, नाळेवर सर्पमुख कोरलेले गलबत. घरात बसून जेवणारा, मुलीचे केस विंचरणारा किंवा गळके छप्पर शाकारणारा वायकिंग सहसा कोणत्याही कागदावर नसतो.

ही चित्रे खोडावयाची नसतात, जपून ठेवावयाची असतात. या चित्रात खरे काय, खोटे काय आणि मुख्य म्हणजे राहून गेले काय, हेच पुढील काही आठवड्यांत मुलांनी शोधावयाचे असते. २०१४ साली इंग्लंडमध्ये लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ७ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी वायकिंग आणि अँग्लो-सॅक्सन यांच्यातील राज्यसंघर्ष हा विषय नेमला गेला. अभ्यासक्रमाची भाषा संघर्षाची आहे. जाणता शिक्षक मात्र मुलांना रणांगणावर नेण्यापूर्वी वायकिंगांच्या स्वयंपाकघरात नेतो.

प्रथम निकाल लागतो तो शिंगांचा. नॉर्वेमधील येर्मुंडबू येथे १९४३ साली वायकिंग काळातील एक लोखंडी शिरस्त्राण सापडले. ते गोल टोपीसारखे असून डोळ्यांभोवती चष्म्याच्या चौकटीसारखे कडे आहे. शिंगांचा मागमूसही नाही. वायकिंग योद्धे शिंगे लावून लढत, याला कोठेच पुरावा नाही. ही शिंगे लोकांच्या मनात रुजविण्यात मोठा वाटा आहे तो रंगभूमीचा. १८७६ साली जर्मनीतील बायरॉइट येथे वाग्नरच्या प्रसिद्ध संगीतनाट्यमालेचा प्रयोग झाला. त्याची वेषभूषा कार्ल एमिल डोप्लर याने योजिली, आणि त्याच्या कल्पनेतली शिंगे पुढे पुस्तकांतून, चित्रांतून थेट मुलांच्या कागदावर येऊन बसली.

कुऱ्हाडीची गोष्ट वेगळी. ती खोटी नाही. ७९३ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील लिंडिस्फार्न बेटावरच्या मठावर वायकिंगांनी हल्ला केला. भिक्षू मारले गेले, काहींना धरून नेले, देवालयातील धन लुटले गेले. यॉर्क शहरात वाढलेला आल्क्विन हा विद्वान त्या वेळी फ्रँक राजा शार्लमेनच्या आश्रयाला होता. त्याने मायदेशी पाठविलेल्या पत्रांतून हा आकांत आजही ऐकू येतो. पण त्याच आल्क्विनने आपल्या राजाला आणखी एका गोष्टीबद्दल बोल लावला आहे. तुम्ही दाढी आणि केस राखता तेही या मूर्तिपूजकांचे पाहूनच, असे त्याने सुनावले. याचा अर्थ, ज्यांच्या नावाने लोक थरथर कापत होते, त्यांच्याच केशभूषेची नक्कलही करीत होते. हल्ल्याच्या आधीपासून त्यांचे येणे-जाणे असले पाहिजे. मुलांच्या दृष्टीने हा पहिला धक्का असतो: शत्रूलाही केस असतात, आणि ते तो नीट ठेवतो.

वायकिंगांनी स्वतः फारसे लिहून ठेवले नाही. त्यांची रून नावाची १६ अक्षरांची लिपी होती. ती दगडावर, लाकडावर, हाडावर कोरण्याजोगी सरळ रेघांची होती. तीत स्मारकलेख आहेत, नावे आहेत, छोटे मजकूर आहेत, ग्रंथ नाहीत. ग्रंथ लिहिले ते मठातल्या भिक्षूंनी, म्हणजे ज्यांचे मठ लुटले गेले त्यांनी. एका पक्षाच्या हाती लेखणी आणि दुसऱ्याच्या हाती कुऱ्हाड असली, की इतिहासात कुऱ्हाडच उरते यात नवल नाही.

ही उणीव भरून काढली ती मातीने. ८६६ साली डेन लोकांच्या सैन्याने यॉर्क जिंकले. तेथील वायकिंगांची शेवटची राजवट ९५४ साली एरिक ब्लडॲक्स या राजाच्या हकालपट्टीबरोबर संपली. या शहराला ते योर्विक म्हणत. यॉर्कमध्ये कॉपरगेट नावाचा एक रस्ता आहे. त्याच्या नावात तांबेही नाही आणि दरवाजाही नाही. जुन्या नॉर्स भाषेत गाता म्हणजे रस्ता, आणि कोप्पारी म्हणजे लाकडाचे पेले करणारा. मराठीत सांगावयाचे तर ती कातारआळी होय. तेथे गोळ्या-मिठाईचा एक जुना कारखाना होता. तो पाडल्यानंतर, १९७६ ते १९८१ या काळात, यॉर्कच्या पुरातत्त्व न्यासाने रिचर्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले. जमीन पाण्याने भिजलेली आणि हवा न लागलेली असल्यामुळे एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू तेथे हजार वर्षे टिकून राहिल्या होत्या. कातारी लोकांनी टाकलेले लाकडाचे तुकडे तर निघालेच. शिवाय सुमारे ४०,००० वस्तू हाती आल्या. १९८४ साली त्याच जागी योर्विक वायकिंग केंद्र उघडले. तेथे जुनी गल्ली तिच्या आवाजांसह आणि वासांसह पुन्हा उभी केली गेली. शाळांच्या सहली तेथे येऊ लागल्या आणि सहलीहून परतलेल्या मुलांच्या तोंडी त्या वासांचीच वर्णने अधिक असतात.

या घरात शिरले म्हणजे काय दिसते? भिंती कुडाच्या, म्हणजे खुंटांभोवती फोक विणून केलेल्या. छप्पर शाकारलेले. मधोमध चूल, धुराडे नाही, त्यामुळे धूर छपरातून वाट काढील तेव्हा जाणार. भिंतीलगत बसावयाचे आणि निजावयाचेही बाक. धान्य दळण्यास दगडी जाते. जात्याची कच पिठात उतरे आणि पिठातून भाकरीत, त्यामुळे दात लवकर झिजत. गाई-डुकरांचे मांस, हेरिंग मासा, बाम, कालवे, सफरचंदे, हेझलची फळे, रानातली बोरेबेरी हे त्यांचे अन्न. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मका नाही. अमेरिकेहून ही पिके यावयास अजून कित्येक शतकांचा अवकाश होता. साखर नाही, गोड हवे असेल तर मध. आजच्या मुलांना या यादीतील 'नाही' हा शब्दच फार शिकवून जातो.

परसात शौचाचा खड्डा असे, आणि पुसावयास शेवाळ. मुले येथे हसतात. पण त्या खड्ड्यांतील मातीतच पोटातील कृमींची अंडी सापडली आणि योर्विकच्या माणसांचे पोट वारंवार का दुखत असेल ते कळले. १९७२ साली यॉर्कमध्येच एका बँकेच्या जागी मानवी विष्ठेचा सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा वाळलेला अवशेष मिळाला होता. त्यावरून तो मनुष्य मांस आणि भाकरी खात असे, आणि त्याला जंत होते, हे सिद्ध झाले. २००३ साली पाहुण्यांना दाखविताना हा अवशेष पडून त्याचे तीन तुकडे झाले, आणि तज्ज्ञांनी ते काळजीपूर्वक पुन्हा जोडले. राजमुकुटाला लाभावी अशी ही आस्था पाहिली की मुलांना इतिहासाची एक रीत कळते: जे सामान्य आहे, तेच बहुधा टिकत नाही, म्हणून ते टिकले की मोलाचे.

त्या वस्तूंत लोकरीचा एक पायमोजा आहे. दोन सुयांनी विणण्याची कला तेथे तेव्हा ठाऊक नव्हती; तो एकाच सुईने, गाठीगाठींनी गुंफलेला आहे. लाकडाचा एक पावा आहे, आणि त्यातून आजही सूर निघतात. बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायताणाखाली बांधावयाची जनावरांची हाडे आहेत, कुलपे आहेत, किल्ल्या आहेत. कंगवे तर विपुल आहेत. हरणांची शिंगे दरवर्षी गळून पडतात. ती वेचून आणावयाची, त्यांच्या पातळ पट्ट्या करावयाच्या, धातूच्या खिळ्यांनी जोडावयाच्या आणि मग करवतीने एकेक दात काढावयाचा, असे हे कौशल्याचे काम. लिंकन शहरात सापडलेल्या कंगव्याच्या एका घरावर रून लिपीत कोरलेले आहे, की थोरफास्टने चांगला कंगवा केला. हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचे नाव उरले ते असे.

कंगव्यापाशी चांगला शिक्षक मुलांना थांबवितो आणि दोन साक्षी पुढे ठेवतो. पहिली साक्ष इंग्लंडमधील. १३व्या शतकातील जॉन ऑफ वॉलिंगफर्ड या भिक्षूच्या नावावर असलेल्या इतिवृत्तात तक्रार आहे, की डेन लोक रोज केस विंचरीत, दर शनिवारी स्नान करीत, कपडे वरचेवर बदलीत, आणि अशा रीतीने थोरामोठ्यांच्या स्त्रियांची मने वळवीत. जुन्या नॉर्स भाषेत शनिवारचे नावच मुळी स्नानाचा वार असे आहे. दुसरी साक्ष इब्न फदलानची. बगदादच्या खलिफाच्या वकिलातीबरोबर तो ९२२ साली व्होल्गा नदीच्या काठी पोहोचला. तेथे भेटलेले उत्तरेकडील व्यापारी त्याला जगातील सर्वांत अमंगळ माणसे वाटली; कारण सकाळी ते सगळे एकाच पात्रातल्या त्याच पाण्यात हात, तोंड आणि केस धूत.

आता खरे कोणाचे मानावे? आरंभी मुले दोहोंपैकी एकाला खोटे ठरवू पाहतात. मग लक्षात येते, की भिक्षूला राग आहे तो स्पर्धेचा, आणि वुजूसाठी स्वच्छ पाणी घेणाऱ्या इब्न फदलानला किळस आहे ती एकाच पात्राची. आणि मग कोणीतरी बोट ठेवते: इब्न फदलानचे लोकसुद्धा त्या पात्रापाशी बसून केस विंचरतातच! दोन देशांतल्या, परस्परांना न ओळखणाऱ्या, दोघाही नाखूष साक्षीदारांनी कंगवा पाहिला आहे, आणि जमिनीतून कंगवाच निघाला आहे. पुरावा तोलणे म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीने क्वचितच शिकविता येईल.

तथापि या शिकवणीत एक धोकाही आहे. कंगवा, पावा आणि पायमोजा यांच्या सहवासात मुलांना वायकिंग आवडू लागतात, आणि लिंडिस्फार्नचा आकांत मागे पडतो. या घरातच गुलामही होते. छाप्यांत धरून आणलेल्या माणसांचा बाजार डब्लिनसारख्या बंदरांत भरे. जाते फिरविणारे हात पुष्कळदा त्यांचेच असत. इब्न फदलानने एका सरदाराच्या अंत्यविधीत एका दासीला ठार मारल्याचे पाहिले, आणि लिहिले. लहान मुलांपुढे हे सारे मांडावे असे नाही. पण या घरात राहणारे सगळेच स्वेच्छेने राहत होते असे भासविणे, ही मुलांची फसवणूक होईल.

मुलांना दोन्ही बाजू एकत्र दिसाव्यात, तर त्यासाठी टकळी पुरते. वायकिंगांची शिडे लोकरीची असत. जुन्या पद्धतीने जहाजे आणि शिडे बांधून पाहणाऱ्या अभ्यासकांना असे आढळले, की एका मोठ्या शिडाचे सूत कातण्यास आणि ते विणण्यास जहाज बांधण्याइतका, किंबहुना अधिकच वेळ लागतो. ते सूत बायका कातीत, आणि त्यांच्या शेजारी बसून, आज ज्या वयाच्या मुली शाळेत चित्रे काढतात त्या वयाच्या मुलीही. शाळा अशी नव्हतीच. काम हीच शाळा. म्हणजे जे गलबत दूरच्या किनाऱ्यावर आग घेऊन गेले, ते चुलीपाशी कातलेल्या सुतावर गेले. आणि त्याच सुतावर व्यापारी गलबतेही गेली. कॉपरगेटला दूर पूर्वेकडचे रेशीम सापडले, आणि तांबड्या समुद्राच्या बाजूची एक कवडीही. स्वीडनमधील हेल्यो बेटावर १९५६ साली बुद्धाची एक लहानशी कांस्यमूर्ती निघाली. ती ६व्या शतकाच्या सुमारास भारतीय उपखंडाच्या वायव्येस घडविलेली आहे. किती हात बदलून ती तेथे पोहोचली असेल, याची मोजदाद कोणी करावी?

यॉर्कच्या मुलांना हे परके वाटण्याचे कारण नाही. ती ज्या रस्त्यांनी शाळेत जातात त्यांची नावे वायकिंगांनी ठेवलेली आहेत. ती बोलतात त्या इंग्रजीत अंडे, सुरी, आकाश यांसाठी जे शब्द आहेत ते नॉर्स भाषेने दिलेले आहेत. खिडकीचा इंग्रजी शब्दही त्यांचाच. त्याचा मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा. संस्कृतातील गवाक्ष शब्दात जो डोळा आहे, तोच कुडाच्या त्या धुरकट घरालाही होता. लुटारूने मागे ठेवलेले शब्द असे रोजच्या घरातले आहेत; ते शेजाऱ्याशी बोलता बोलता येतात, तलवारीच्या धाकाने येत नाहीत.

पाठ संपताना मुलांना पुन्हा कोरे कागद मिळतात. या वेळी शिंगे नसतात. कुडाची भिंत येते, छपरातून धूर निघतो, कोणी जात्यावर दळते, कोणी केस विंचरते, आणि एखाद्या कोपऱ्यात मान खाली घालून काम करणारा गुलामही दिसतो. कुऱ्हाड मात्र असतेच. ती कधी हातात असते, कधी भिंतीला टेकलेली, कधी सरपण फोडताना उगारलेली. पहिले चित्र आणि दुसरे चित्र शेजारी शेजारी ठेवले म्हणजे मूल काय शिकले ते निराळे सांगावे लागत नाही. कंगवा आणि कुऱ्हाड एकाच घरातली आहेत, एवढे ज्याला लहानपणी उमगले, तो मोठेपणी कोणत्याही लोकसमूहाचे चित्र एका शस्त्राने पुरे करणार नाही.