स्टडली रॉयलचं चर्च



लॉर्ड रिपन म्हटलं की आपल्याला शाळेतलं पुस्तक आठवतं: 1882, स्थानिक स्वराज्य. याच रिपनसाहेबांच्या यॉर्कशरमधल्या जहागिरीत, स्टडली रॉयल इथं, हरणांच्या कुरणात सेंट मेरीचं चर्च उभं आहे.

त्याच्या मुळाशी एक खून आहे. एप्रिल 1870 मध्ये लेडी रिपन यांचा तरुण भाऊ फ्रेडरिक व्हायनर ग्रीसमध्ये होता. मॅरेथॉन हे ठिकाण पाहून परतताना दरोडेखोरांनी त्याला सोबत्यांसह धरलं आणि खंडणी मागितली. बोलणी चालू असतानाच सैन्य मागावर आलं, आणि दरोडेखोरांनी चौघा ओलिसांना मारून टाकलं. खंडणीसाठी जमवलेला पैसा मग देवाच्या कामी लागला, असं सांगतात. आईनं जवळच्या स्केल्टनला एक चर्च बांधवलं, बहिणीनं स्टडलीला दुसरं. दोन्हींचा वास्तुकार एकच, विल्यम बर्जेस.

बाहेरून हे चर्च करड्या दगडाचं, उंच निमुळत्या मनोऱ्याचं, गंभीर. आत भाविक बसतात तिथंही बर्जेसनं हात आखडता घेतलाय. पण वेदीकडचा भाग, आपल्या देवळातला गाभारा म्हणा, रंगांनी आणि सोन्यानं नुसता उजळलेला आहे. वर चितारलेला घुमट, देवदूत, गायकवृंदाच्या आसनांवर कोरलेले रंगीत पोपट! खिडक्यांच्या दगडी जाळीला दोन पदर आहेत, एकामागे एक. रंगीत काचेतून आलेलं ऊन आतल्या पदरावर पुन्हा खेळतं. हरवलेला स्वर्ग पुन्हा गवसतो, ही इथली कल्पना. भाऊ गमावलेल्या बहिणीनं शोकासाठी काळा रंग न निवडता हे सारे रंग निवडले, हे मला फार मोलाचं वाटतं.

काम चालू असतानाच, 1874 मध्ये, रिपन कॅथलिक झाले. केवढा गहजब उडाला! चर्च मात्र अँग्लिकनच राहिलं आणि 1878 मध्ये पुरं झालं. दोन वर्षांनी रिपन व्हाइसरॉय होऊन इकडे आले. 1909 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांना पुरलं ते याच चर्चमध्ये.

आणि बर्जेस? त्यानं 1866 मध्ये मुंबईच्या कलाशाळेसाठी, म्हणजे आपल्या जे. जे. स्कूलसाठी, एका इमारतीचा आराखडा केला होता. ती बांधलीच गेली नाही. बांधली असती, तर त्याची कारागिरी बघायला आपल्याला यॉर्कशरपर्यंत जावं लागलं नसतं.