तिकीट, पाकीट आणि टपालाची छाप



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम मनःपूर्वक अभिवादन करतो. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने टपाल तिकिटांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शाळेत विद्यार्थ्यांचे तिकीटसंग्रह मंडळ सुरू होत आहे, तेव्हा नव्या तिकिटांविषयी व ती जमविणाऱ्यांविषयी दोन शब्द सांगावेत, अशी संयोजकांची सूचना होती. मी ती आनंदाने स्वीकारली. माझा जन्म मजकूर वाचण्यात गेला आहे आणि टपालाचे तिकीट हाही एक मजकूरच आहे. फार लहान, पण पुष्कळ विचार करून छापलेला. तो वाचायचा कसा, आणि वाचण्याआधीच आपण तो फाडून टाकतो कसा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आरंभी एका शब्दाविषयी बोलतो. मराठीत आपण 'टपाल' म्हणतो. गुजरातीत, कन्नडमध्ये, तेलुगूत आणि तमिळमध्येही थोड्याफार फरकाने हाच शब्द आहे. हिंदीत मात्र 'डाक'. बालाघाटच्या बाजारात उभे राहिले, तर एकाच घरातली आजी टपाल म्हणते आणि नातू डाक म्हणतो, असे सहज ऐकू येते. दोन भाषांची सीमा नकाशावर शोधण्यापेक्षा ती अशा एखाद्या शब्दात लवकर सापडते. आशिया खंडातील पहिली चिकटवायची तिकिटे १८५२ साली सिंध प्रांतात बार्टल फ्रियर यांनी काढली. त्यांचेही नाव 'सिंध डाक' असेच होते. पुढे १८५४ साली साऱ्या हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाली, आणि हलक्या पत्राला अंतर कितीही असो, अर्धा आणा पुरेसा झाला. लाहोर आणि मद्रास एकाच दराने जोडणारी ही गोष्ट त्या काळी किती मोठी होती, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

आपल्या मध्य प्रदेशातल्या संग्राहकाला याहून जवळचा इतिहास उपलब्ध आहे. आज या राज्यात असलेल्या इंदूर, ग्वाल्हेर आणि धार या तिन्ही मराठी राजवटींची स्वतःची तिकिटे होती. ग्वाल्हेरकडे ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर १८८५ पासून संस्थानाचे नाव देवनागरीत आणि इंग्रजीत वरून छापले जाई. इंदूरने १८८६ साली तुकोजीराव होळकरांच्या चित्राचे तिकीट काढले. धारची पहिली तिकिटे १८९७ ची. साधे खिळे जुळवून केलेली ती देवनागरी छपाई पाहून एखाद्या पंचांगाच्या पानाची आठवण येते. आपल्या जिल्ह्यातला पोवार समाज आपले मूळ धार-माळव्याशी जोडतो. त्या घरांतील एखाद्या मुलाच्या वहीत धारचे एक तिकीट असावे, अशी माझी इच्छा आहे. संस्थाने विलीन झाली आणि १९५० साली इंदूर-ग्वाल्हेरची तिकिटेही संपली.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. १९२६ पासून देशाची तिकिटे नाशिकला छापली जाऊ लागली. त्याआधी कित्येक दशके ती लंडनहून छापून येत. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. त्यावर राष्ट्रध्वज होता आणि देवनागरीत 'जय हिंद' ही दोन शब्दांची घोषणा. किंमत साडेतीन आणे.

आता वाचनाकडे वळतो. १ ऑक्टोबर १९५२ रोजी संत आणि कवी यांचा सहा तिकिटांचा एक संच निघाला. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ अशी ती सहा नावे. संच सुंदर आहे, निवडही थोर आहे. तरीही मराठीच्या शिक्षकाची नजर त्यात जे नाही तिकडे जाते. हिंदीच्या परंपरेत मोजले जाणारे चार, उर्दूचे एक, बंगालीचे एक. मराठीचे, तमिळचे, कन्नडचे कोणी नाही. नामदेव १९७० साली तिकिटावर आले, ज्ञानेश्वर १९९७ साली, तुकोबा २००२ साली. यात कोणावर अन्याय झाला असे रडगाणे मला गायचे नाही. सहा जागांत देश मावत नाही. परंतु तिकिटांची मालिका ही राष्ट्राने स्वतःशी ठेवलेली आठवणींची यादी असते, आणि कोणतीही यादी वाचताना क्रमाकडे लक्ष द्यावे लागते. नामदेव आधी आले, हे मला तरी उचित वाटते. ज्यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, ज्यांची घुमानला पंजाबी माणूस आजही आठवण काढतो, ते नामदेव मराठीबाहेर पत्र पोहोचविण्याचे काम सहाशे वर्षांपूर्वीच करून बसले होते.

हयात व्यक्तीचे तिकीट काढायचे नाही असा आपल्याकडे सर्वसाधारण संकेत आहे. तो मोडला गेला तेव्हा त्यातले एक मोठे नाव मराठी होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना शंभर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १८ एप्रिल १९५८ रोजी, त्यांचे पंधरा नव्या पैशांचे तिकीट निघाले. अण्णा त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ जगले. विधवाविवाह केला म्हणून ज्यांना गावाने वाळीत टाकले, त्यांच्याच चित्राचे तिकीट लावलेली पत्रे त्यांच्याच दारात पोहोचू शकत होती. पुढे २०१३ साली सचिन तेंडुलकरला असाच मान मिळाला. मुलांना ते तिकीट अधिक आवडेल, आणि आवडू द्यावे. मात्र शेजारी कर्व्यांचे चिकटवून ठेवावे.

आपल्या परिसराचेही एक तिकीट आहे. कान्हाच्या पन्नास वर्षांनिमित्त १९८३ साली बारशिंग्याचे तिकीट निघाले. कान्हाचे जंगल मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे, मुक्कीचे प्रवेशद्वार आपल्याच जिल्ह्यात. १९७० च्या सुमारास कान्हात अवघे ६६ बारशिंगे उरले होते. कठीण जमिनीवर राहणारी ही जात तेथेच टिकली आणि पुन्हा वाढली. एका रुपयाच्या त्या तिकिटामागे एवढी गोष्ट आहे, हे वनस्पती आणि प्राणी शिकविणाऱ्या शिक्षकांनी मंडळाच्या पहिल्याच बैठकीत सांगावे.

आता ज्यांच्याविषयी मला थोडे विस्ताराने बोलायचे आहे, ते गृहस्थ तिकिटावर नाहीत, प्रत्येक पाकिटावर आहेत. श्रीराम भिकाजी वेलणकर हे नाव या सभागृहात किती जणांना ठाऊक असेल? संस्कृतचे पंडित आणि संस्कृत नाटककार असलेले हे मराठी गृहस्थ टपाल खात्यात मोठ्या अधिकारपदावर होते. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्त्यांच्या नाना लिपी, यांमुळे पत्रे चुकत. त्यावर त्यांनी सहा आकड्यांची योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशभर सुरू झाली. तीच पिनकोडची योजना. दुसऱ्याच वर्षी दिल्लीला 'इंडिपेक्स' हे तिकिटांचे जागतिक प्रदर्शन भरले, त्याच्या अध्यक्षस्थानीही वेलणकरच होते. व्याकरण जाणणाऱ्या माणसाने देशाचे व्याकरण लिहावे तशी ही रचना आहे. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन टपाल कचेरीचे. सूत्रवाङ्मयात अक्षर वाचविण्याची जी हौस असते, तीच येथे आकड्यांत दिसते.

आता आपला पिनकोड पाहा : ४८१००१. गोंदियाचा ४४१६०१, नागपूरचा ४४०००१. पहिला आकडा तोच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तोवर आपली राजधानी नागपूर होती. त्या दिवसापासून आपल्या पुष्कळ घरांत माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात झाले. सोळा वर्षांनी टपालाचे विभाग आखले गेले, तेव्हा महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही '४' या आकड्याखाली एकत्र आले. यात भावनेचा विचार नव्हता. टपालाच्या सोयीचा होता. पण वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे पत्रे पाठविणाऱ्या माणसाला तो आकडा वाचायला बरा वाटतो, हे मी कबूल करतो.

नव्या तिकिटांविषयी बोलतो. वर्तमानपत्रात 'अमुकांचे टपाल तिकीट निघाले' अशी बातमी वाचली की नव्या संग्राहकाने थोडे थांबावे. स्मारक तिकीट केंद्रीय टपाल खाते काढते आणि ते देशभर चालते. उदाहरणार्थ अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीचे तिकीट, जे ३१ मे २०२५ रोजी भोपाळला प्रकाशित झाले. अहिल्यादेवींचे त्याआधीचे तिकीट १९९६ चे आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. दुसरा प्रकार 'माय स्टँप'. हा आपल्याकडे २०११ पासून आहे. पैसे भरून कोणीही त्यावर आपले चित्र छापून घेऊ शकतो. संस्थांच्या सोहळ्यांतून ज्याचा गाजावाजा होतो, ते बहुधा हेच असते. तिसरा प्रकार विशेष आवरण. त्यात पाकीट आणि छाप विशेष असते, तिकीट नेहमीचे. तिन्ही जमविण्याजोगी आहेत, फक्त एकाला दुसऱ्याचे नाव देऊ नये. नवी तिकिटे नियमित हवी असतील तर टपाल खात्यात दोनशे रुपयांचे ठेव खाते उघडता येते. तिकिटे घरी येतात. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१७ पासून 'दीनदयाळ स्पर्श' ही शिष्यवृत्ती आहे : वर्षाला सहा हजार रुपये. त्यासाठी लेखी प्रश्नमंजूषा आणि तिकिटांवरचा एक लहानसा प्रकल्प द्यावा लागतो. शाळेत मंडळ असणे त्यासाठी उपयोगी पडते, म्हणून हे मंडळ सुरू करणाऱ्यांचे अभिनंदन.

पण श्रोतेहो, ही सगळी नवी तिकिटे खिडकीवरून थेट वहीत जातात. गेली काही वर्षे टपालाच्या खिडकीवर स्पीड पोस्टला संगणकाची छापील पट्टी चिकटते. २०२५ साली रजिस्टर्ड पत्रही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. तिकीट सुंदर होत गेले आणि प्रवास करायचे थांबले. माझी काळजी येथे आहे.

मी मराठी पत्रवाङ्मयाचा अभ्यास केला. जुन्या घरांतल्या पेट्यांतून पत्रांचे गठ्ठे पाहिले. आपल्याकडे पत्रलेखक पुष्कळदा नुसती तिथी लिहितात, किंवा 'मंगळवार' एवढेच. वर्ष कोणते, पत्र कोठून निघाले, किती दिवसांनी पोहोचले, हे सांगते ती फक्त टपालाची छाप. आणि गठ्ठा उघडावा तर प्रत्येक पाकिटाचा उजवा कोपरा कापलेला. घरातल्या कोणा हौशी मुलाने तिकीट कापून, पाण्यात भिजवून, वहीत चिकटविलेले. वही कधीच रद्दीत गेलेली. एका लेखकाच्या सतरा पत्रांचा क्रम लावण्यात माझा एक पूर्ण उन्हाळा गेला, आणि तरीही तीन पत्रांचे वर्ष मला ठरविता आले नाही. मुलाचा दोष मी मानत नाही. त्याला तिकीट हवे होते. पाकीटही हवे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

म्हणून मंडळाच्या विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे : टपालातून आलेले पाकीट कापू नका, अख्खे ठेवा. तिकीट, छाप, पत्ता आणि अक्षर ही चारही एकत्र ठेवा. नवे तिकीट घेतले तर त्यातले एक लावून स्वतःच्याच घरी पत्र टाका. आपल्या जिल्ह्यातल्या टपाल कचेऱ्यांच्या छापा जमवा : वारासिवनी, कटंगी, लांजी, बैहर, भरवेली, मलाजखंड. मँगनीजच्या खाणीचे गाव, तांब्याच्या खाणीचे गाव, किल्ल्याचे गाव. महागड्या परदेशी तिकिटांपेक्षा हा संग्रह स्वस्त आहे आणि तो दुसरे कोणी करणार नाही. घरी आजोबांची जुनी पत्रे असतील तर ती उघडून मोठ्यांसमोर वाचा. मोडी असेल तर मला दाखवा, डोळे चालतात तोवर मी वाचून देईन.

माजी विद्यार्थ्यांना दुसरी विनंती. आपण नागपूर, पुणे, भिलाई, काही जण तर परदेशी असाल. ही पुस्तिका हाती पडल्यावर शाळेच्या पत्त्यावर एक पत्र पाठवा, मराठीत, हाताने लिहिलेले. आपल्या गावच्या टपाल कचेरीत जाऊन तेथले नवे तिकीट लावा आणि छाप स्पष्ट मारून द्या, असे खिडकीवरच्या माणसाला सांगा. आत काय लिहावे हे मी सांगणार नाही. शाळेत कोणत्या वर्षी होता आणि कोणत्या वर्गात कोण शिकवीत होते, एवढे लिहिले तरी पुष्कळ आहे. मंडळ ती पाकिटे न कापता, तारखेच्या क्रमाने लावून ठेवील, असे मुख्याध्यापकांनी मला आश्वासन दिले आहे. पिनकोड ४८१००१ लिहायला विसरू नका.